कागदावर लिहिलंय तेवढंच

सोलापूर, आषाढ

चि. तेजू,
अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर कायद्याच्या प्रवेशाबद्दल लातूरहून तू पाठवलेले अकरा प्रश्न मी वहीत उतरवून घेतले. फोनवर हे नीट होत नाही. तू "हो गं, कळलं" म्हणतेस आणि पुढच्या रविवारी तेच परत विचारतेस. म्हणून पत्र. ते टेबलावर चिकटव, नाहीतर उशीखाली ठेव, पण हरवू नकोस.

आधी सोप्या प्रश्नांचा फडशा पाडू. सायन्स घेतलंय म्हणून काही अडत नाही. पाच वर्षांच्या एलएलबीला, म्हणजे कायद्याच्या पदवीला, बारावी कोणत्याही शाखेची चालते. वयाची अट नाही. बारावीचा निकाल लागायच्या आधी अर्ज करता येतो, टक्के बघितले जातात ते प्रवेशाच्या वेळी. राज्याच्या सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, खुल्या प्रवर्गासाठी ४५, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० टक्के लागतात. क्लॅटला, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, मात्र ओबीसींनाही ४५च लागतात. ४४.९ म्हणजे ४५ नव्हे, वर ढकलून देत नाहीत. त्यामुळे "मेडिकलची नीट परीक्षा सोडली, आता फिजिक्स कशाला" हा विचार डोक्यातून काढ.

आता दोन परीक्षांचा घोळ. तुझ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवर भरतात. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस, आपलं इथलं दयानंद ही सगळी राज्याच्या सीईटीवर. एकीचे गुण दुसरीला चालत नाहीत. अलीकडची काही वर्षं क्लॅट डिसेंबरात होते, म्हणजे बारावी बोर्डाच्या आधी. सीईटी बोर्डानंतर, उन्हाळ्यात. दोन्ही १२० प्रश्नांच्या, १२० गुणांच्या, दोन तासांच्या, म्हणून लोकांना वाटतं एकाच अभ्यासात दोन्ही निघतील. तसं होत नाही.

क्लॅट पूर्ण इंग्रजीतून, कागदावर, ओएमआर (गोळे रंगवायच्या) पत्रिकेवर. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रश्न जवळजवळ सगळे उताऱ्यांवर, आणि उतारा ४५० शब्दांपर्यंतचा. एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न धरले तर दोन तासांत आठ-दहा हजार शब्द वाचायचे होतात. मिनिटाला २०० शब्दांचा वेग असेल तर नुसत्या वाचण्यातच ४०-५० मिनिटं गेली. उरलेल्या वेळात एका प्रश्नाला ३५-४० सेकंद मिळतात. "मला येत होतं पण वेळ पुरला नाही" असं मुलं म्हणतात त्याचा हिशेब हा असा आहे. वेग तिथे ज्ञानाने वाढत नाही, रोजच्या वाचनाने वाढतो.

सीईटी संगणकावर, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत, आणि चुकीला गुण कापत नाहीत. सध्याची वाटणी अशी: कायदेविषयक ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी २४, इंग्रजी २४, गणित ८. प्रश्न छोटे आणि थेट. मिनिटाला एक प्रश्न सुटला की झालं. इथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शेवटची पाच मिनिटं फक्त राहिलेल्यांवर काहीतरी टिचकी मारायला राखून ठेव.

क्लॅटला अंदाज लावायचा की नाही, हे तू विचारलंस. गणितच कर की. चार पर्यायांत आंधळा तीर मारला तर चार प्रश्नांत सरासरी एक लागणार, तीन चुकणार. एक मिळाला, पाऊण गेला, हाती पाव. तेवढ्यासाठी वेळ घालवू नकोस. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर चार प्रश्नांत दोन लागतील, दोन चुकतील: दोन मिळाले, अर्धा गेला, हाती दीड. तिथे मारायचाच. एकच पर्याय बाद होत असेल तर उतारा डोक्यात ताजा असताना मार, शेवटी परत येऊन नको.

"कायदा काहीच येत नाही, मग कायद्याचे प्रश्न कसे सोडवू?" यावर जरा थांबते, कारण इथेच हुशार मुलं घसरतात. क्लॅटला कायदा यावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो आणि दिलेल्या घटनेला तो लावायचा असतो. उदाहरण घे. नियम असा: नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार. घटना: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याचा ड्रायव्हर माल स्टेशनवर पोचवतो, रिकामा टेम्पो घेऊन कारखान्याकडे न जाता मेहुण्याला सोडायला तुळजापूरच्या रस्त्याला लागतो आणि वाटेत एकाला धडक देतो. मालक जबाबदार का?

पर्यायांत एक असेल "हो, टेम्पो मालकाचा आहे". एक असेल "हो, जखमी माणूस गरीब आहे, मालकाला परवडतं". तुझं मन दुसऱ्याकडे ओढ घेणार, मला माहितीये. पण नियमात टेम्पो कुणाचा हे नाही, ऐपतही नाही. नियमात आहे "कामाच्या ओघात". मेहुण्याला तुळजापूरला नेणं हे कारखान्याचं काम नव्हे, म्हणून मालक सुटला. आता घटनेतला एक शब्द बदल: स्टेशनकडे माल नेतानाच त्याने सिग्नल तोडला आणि धडक दिली. मालक अडकला. प्रत्येक नियमात असा एक खिळा असतो, त्यावर सगळं टांगलेलं असतं. उतारा वाचताना पेन्सिलीने तो शब्द गोल कर, मग घटनेत तो सापडतो का एवढंच बघ. न्याय कुणाला मिळायला हवा हा विचार पाच वर्षांनंतर करायला पुष्कळ वेळ आहे.

कायदाच सीईटी वेगळ्या तोंडाने विचारते. सतरा वर्षांचा मुलगा वय खोटं सांगून मोटरसायकलसाठी कर्ज घेतो. क्लॅट उताऱ्यात सांगेल की अज्ञानाचा, म्हणजे १८ पुरं न झालेल्याचा करार मुळातच शून्य असतो, आणि विचारेल की पैसे परत मिळतील का. मुलगा खोटं बोलला म्हणून चिडायचं नाही, दिलेला नियम लावायचा. सीईटी सरळ विचारू शकते की अज्ञानाचा करार शून्य ठरवणारा निवाडा कोणता. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३. हे पाठच लागतं. म्हणून सीईटीसाठी एक पातळ वही कर. त्यात राज्यघटनेचे मूलभूत हक्क, कलम ३२ आणि २२६, घटनादुरुस्त्यांपैकी ४२वी आणि ४४वी, केशवानंद भारती (१९७३) आणि पुट्टस्वामी (२०१७) हे निवाडे, आणि अपकृत्य (दुसऱ्याचं नुकसान करणारी दिवाणी चूक) व करार यांतल्या पंधरा-वीस संज्ञा. जास्त नको. जाड गाइड विकत घेतलं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, हा त्याचा तोटा.

जुनं पुस्तक कुणी फुकट दिलं तर एक गोष्ट आधी तपास. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खून ३०२ होता, तो आता १०३. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. ५११ कलमांची संहिता ३५८ वर आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलले. जुन्या पुस्तकातले घटनेचे आणि करारांचे धडे वापर, गुन्ह्यांचे आकडे त्यातून पाठ करू नकोस.

मराठीतून पेपर द्यायचा तर त्यातली मराठी घरातली नसते हे लक्षात ठेव. अपकृत्य, संविदा, दखलपात्र, अजामीनपात्र, शून्यकरणीय. दहावी मराठीतून झालेल्या मुलीलाही हे शब्द पहिल्यांदा परके वाटतात. वहीत मराठी संज्ञेसमोर तिचा इंग्रजी शब्द लिही, आणि परीक्षेत अडलं तर प्रश्न दुसऱ्या भाषेतही वाच.

इंग्रजीचं कच्चेपण हे तुझं खरं दुखणं आहे, आणि क्लॅट द्यायची तर त्याला आडवाट नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख घे, वेळ लावून वाच, आणि लेखकाचं म्हणणं मराठीत तीन ओळींत लिही. इंग्रजीत लिहायचा हट्ट नको. तुला मुद्दा कळला का हे त्या तीन ओळी सांगतात. शब्दकोश दुसऱ्या वाचनाला काढ. पहिल्या महिन्यात ४५० शब्दांना चार मिनिटं लागतील, ती सव्वादोनवर आली की पुरे.

चालू घडामोडींना परीक्षेआधीचं साधारण वर्षभर धर. नुसती बातमी नको, बातमीच्या खालचा कायदाही हवा. आपल्याच दारातलं बघ. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापूरला बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याखाली. ही झाली बातमी. ते कोणत्या अधिकारात नेमलं? राज्य पुनर्रचना अधिनियम १९५६, कलम ५१(३). आधीची खंडपीठं कुठली? नागपूर, औरंगाबाद, गोवा. एका कात्रणातून तीन प्रश्न निघाले. तसंच सोलापूरचा १९३०चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा. १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं तुला शाळेपासून पाठ आहेत. पण घटनेच्या कलम ३४ मध्ये मार्शल लॉचा उल्लेख आहे, व्याख्या कुठेच नाही, आणि कलम ३५२ची आणीबाणी ही त्याहून वेगळी, हे सोलापूरच्या किती मुलांना सांगता येईल?

गणितात शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा. सायन्सच्या मुलीला यावर वेगळा वेळ द्यायची गरज नाही.

क्लास लावायचा का? घाई नको. क्लॅट घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आधीचे पेपर फुकट आहेत. आधी त्यातले तीन दे, दुपारी दोन ते चार, फोन मैत्रिणीकडे देऊन. प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिही: माहीत नव्हतं तर "म", वाचण्यात चुकलं तर "व", घाईत गेलं तर "घ". "म" जास्त निघाले तर क्लासचा उपयोग आहे. "व" आणि "घ" जास्त असतील तर क्लास काही करणार नाही, ते तुझं तुलाच दुरुस्त करावं लागेल. माझा अंदाज "व"चा आहे.

ओएमआरचा सराव घरीच कर. १२० गोळे, एकाला पाच सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. शेवटी एकदम भरायला ठेवले तर ती दहा मिनिटं मिळत नाहीत. आणि मधला उतारा सोडून पुढे गेलीस की गोळे एक घर सरकतात, मग पुढची सगळी बरोबर उत्तरं चुकीच्या ओळीत. उतारा संपला की त्याचे गोळे भर, पहिल्या गोळ्याचा क्रमांक बोट ठेवून बघ. सीईटीला उलट सवय लागते: पर्याय निवडला की "सेव्ह" दाबायचं, नुसतं पुढे जायचं नाही. क्लॅटचं केंद्र पुण्यात आलं तर आदल्या दिवशीच जायचं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसवर भरवसा ठेवून दुपारचा पेपर गाठायला आपल्याला जमेल, पण तुझ्या पोटाला जमणार नाही.

आता तू न विचारलेला प्रश्न: कागदपत्रं. सीईटीत चांगले गुण मिळवून जागा जाते ती बहुतेक इथे. आपण ओबीसीतून अर्ज करणार. त्याला जातीचा दाखला, जात वैधता (पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) आणि नॉन क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) तिन्ही लागतात. नॉन क्रिमिलेअरला मुदत असते, ती ज्या ३१ मार्चला संपते ते वर्ष आधी वाचायचं. दाखल्यावर तारीख छापलेली असते तरी लोक बघत नाहीत. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ जातो. दाखला सोलापूरचा म्हणून प्रकरण इथल्याच पडताळणी समितीकडे, पण त्याला तुझ्या लातूरच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र हवं. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून आजोबांच्या बार्शीच्या शाळेतला उतारा मी काढायला टाकलाय. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र बाबा करतील. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर हे काम काढलं तर गुणपत्रिका हातात आणि जागा खुल्या प्रवर्गात, अशी गत होते.

आणि नाव. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांचं नाव पूर्ण आहे, आधारवर आद्याक्षर. अर्ज गुणपत्रिकेवरून भरायचा, एकही अक्षर न बदलता, आणि आधार त्याआधी दुरुस्त करून घ्यायचं. पंधरा ऑगस्टला येशील तेव्हा ते इथेच करून टाकू.

यंदा नाहीच झालं तर पदवी करून तीन वर्षांच्या एलएलबीचा रस्ता आहे, त्याची सीईटी वेगळी. ते तेव्हा बघू.

सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात जा. बोनाफाईड आणि जात पडताळणीसाठी प्राचार्यांचं पत्र, दोन्ही माग. पत्रावर तारीख, जावक क्रमांक आणि गोल शिक्का आहे का तिथेच उभी राहून बघ, मग फोटो पाठव. मूळ प्रत पोस्टाने नको, येताना बॅगेत आण.

तुझी,
आई