ताई, 'सेव्ह करू नका' या ओळीसाठी आभार

सप्रेम नमस्कार ताई,

जपानहून येणाऱ्या फाइलींसाठी तुम्ही करून दिलेलं टिपण आता आमच्या प्रत्येक टेबलावर आहे. त्यातली पहिली ओळ लाखमोलाची: अक्षरं बिघडलेली दिसली तर फाईल सेव्ह करू नका. नुसती चुकीच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) उघडली असेल तर मूळ बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, शाबूत असतात. सेव्ह करताना त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं पडली, की मजकूर गेला तो गेलाच.

बिघाड नुसत्या नजरेनं ओळखायलाही तुम्हीच शिकवलंत. डावीकडे धाग्याचं चिन्ह असलेल्या किचकट कांजींची (चिनी मूळच्या अक्षरांची) रांग आणि मध्येमध्ये अर्ध्या रुंदीचे काताकाना दिसले, तर यूटीएफ-८ (सर्व लिपींच्या युनिकोडची एन्कोडिंग) फाईल शिफ्ट-जेआयएस (जुनी जपानी एन्कोडिंग) समजून उघडली आहे. हिरागाना-काताकाना या जपानी ध्वनिलिप्यांचा यूटीएफ-८मधला पहिला बाइट ई३, दुसरा ८१ ते ८३ (हे आकडे सोळाच्या पायातले). शिफ्ट-जेआयएसमध्ये नेमक्या याच जोड्यांवर त्या कांजी बसल्यात. हुकवाला एफ आणि खाली उतरलेला स्वल्पविराम दिसला, तर शिफ्ट-जेआयएस फाईल पाश्चात्त्य कोडपेजमध्ये (अक्षरं आणि आकड्यांच्या तक्त्यात) उघडली. एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही. 'डेटा' मेनूतून आयात करून फाईल ओरिजिन ६५००१ (यूटीएफ-८) किंवा ९३२ (मायक्रोसॉफ्टची शिफ्ट-जेआयएस) निवडायचं.

सगळ्यात छळवादी ५सी. शिफ्ट-जेआयएसमध्ये अक्षराचा दुसरा बाइट ५सी, म्हणजे बॅकस्लॅश, असू शकतो. काताकाना 'सो' ८३ ५सी, तक्ता या अर्थाची 'ह्यो' ९५ ५सी. शिफ्ट-जेआयएस न ओळखणारा कंपायलर (प्रोग्रॅमचं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर) बॅकस्लॅशला खास खूण समजून तो बाइट गिळतो आणि पुढच्या जोड्या सरकतात. 'ह्यो' स्ट्रिंगच्या (अवतरणांतल्या मजकुराच्या) अगदी शेवटी असेल तर बंद करणारं अवतरणचिन्हच एस्केप होतं, म्हणजे मजकुराचाच भाग धरलं जातं, आणि एरर येते भलत्याच ओळीवर! यूटीएफ-८मध्ये ही कटकट नाही, कारण कांजीचा प्रत्येक बाइट ८० किंवा त्याहून वरचा.

फॉन्टचं तर आपल्याला घरचंच दुखणं. भाषा न सांगितल्यास मराठी ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. तशी 'थेट' या अर्थाची 'चोकु' ही कांजी चिनी वळणाची दिसते, कारण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांना क्रमांक एकच. वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये लँग 'जेए' (भाषा जपानी) लिहिलं आणि जपानी फॉन्ट असला की काम भागतं.

लहरी डॅशबद्दल (〜) खास आभार. त्याचा शिफ्ट-जेआयएसमधला ८१६० हा कोड युनिकोडमध्ये नेताना जेआयएसच्या (जपानी मानकाच्या) तक्त्यात ३०१सी होतो, मायक्रोसॉफ्टच्या ९३२मध्ये एफएफ५ई. नेताना एक आणि आणताना दुसरा तक्ता वापरला की प्रश्नचिन्ह ठरलेलं. वर्तुळातले आकडेही काटेकोर शिफ्ट-जेआयएसमध्ये अडतात, ९३२मध्ये चालतात. म्हणून आता दोन्ही टोकांना ९३२च लिहितो.

आपले,
जपानी अनुवादाचं काम करणारे आम्ही सगळे, पुणे