नेटची दोरी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला पंधरा दिवस लागले, रागावू नकोस. ‘शाळेत न घालता घरी शिकवणं ठीक आहे रे, पण पोराने खेळायचं कुणाबरोबर?’ हा तुझा प्रश्न लोक आम्हाला गेली सहा वर्षं विचारताहेत. लग्नात विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरांनी विचारला, माझ्या तोंडात हत्यारं घालून. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता येत नाही, कारण प्रश्न बरोबरच होता. चुकलं होतं ते आमचं उत्तर.

आमचं उत्तर म्हणजे एक यादी होती. सोमवारी पोहणं, मंगळवारी चित्रकला, बुधवारी नाच, शुक्रवारी बुद्धिबळ, शनिवारी आणखी काहीतरी. कुणी विचारलं रे विचारलं की मी ती घडाघडा म्हणून दाखवायचो. लेक तेव्हा आठ वर्षांची. वर्षभराने सहज तिला विचारलं, ‘पोहायला तुझ्याबरोबर कोण कोण असतं गं?’ ती थोडा विचार करून म्हणाली, ‘एक निळ्या टोपीवाला असतो.’ बस. वर्षभरात नाव एकाचंही माहीत नाही! पाच ठिकाणी जायची आणि पाचही ठिकाणी पाहुणी. तिथली इतर मुलं एकाच शाळेतली, नाहीतर एकाच इमारतीतली. त्यांची मैत्री तासाच्या आधी आणि नंतर व्हायची, आणि तेवढ्यात आम्ही हिला गाडीत घालून पुढच्या क्लासला पळवलेलं असायचं.

त्यातले चार क्लास बंद केले. पोहणं तेवढं ठेवलं, आणि नवं एकच घेतलं, व्हॉलीबॉल. हा खेळ काही फार विचार करून निवडला नव्हता, चालत जाण्याच्या अंतरावर तेवढाच होता. पण आता वाटतं, आपल्या मुलांसाठी याहून बरा खेळ शोधून सापडला नसता. १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन नावाच्या अमेरिकन माणसाने तो काढला, तोही बास्केटबॉल झेपत नाही अशा मध्यमवयीन मंडळींसाठी. म्हणजे तुझ्या-माझ्यासाठीच म्हण! त्याचा आजचा नियम बघ. ब्लॉक, म्हणजे समोरून आलेला फटका नेटवरच हात उंचावून अडवणं, तेवढा सोडला तर एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा चेंडू मारता येत नाही, आणि तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. कितीही हुशार पोर असो, दुसऱ्याला दिल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय सर्व्हिस परत मिळाली की सगळ्यांनी एक जागा सरकायचं, त्यामुळे मागे लपून राहता येत नाही.

पहिले दोन महिने मात्र वाईट गेले, हे तुला आधीच सांगून ठेवतो. घरी आपण मुलांना प्रत्येक गोष्टीचं कारण सांगतो ना? सर ओरडले, ‘मागे सरक!’ आणि ही जागेवर उभी राहून विचारते, ‘का?’ तोवर चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. पोरी हसल्या. तिला रांगेत थांबायची सवय नव्हती, आणि पंचवीस जणींना मिळून दिलेली सूचना आपल्यालाही लागू असते हे तिच्या गावीही नव्हतं. सगळ्यांसमोर सर्व्हिस नेटमध्ये जाणं तर तिला सहनच होईना. घरी चुकलं की पान उलटता येतं, इथे वीस डोळे बघत असतात. एका संध्याकाळी येऊन म्हणाली, ‘मला तिथे वकीलबाई म्हणतात.’ मला हसू आवरेना, तिला रडू. बायको म्हणाली, सोडून देऊ या. मीही जवळजवळ ‘हो’ म्हटलंच होतं.

तेवढ्यात तिला ताप आला. दोन दिवस गेली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मुलीचा फोन. ‘काका, ती येणार नाही का? नेटची दोरी तिच्याकडे आहे, आणि आज आम्ही पाचच आहोत.’ लेक तापात उठून बसली. दोरी पोचवायला मीच गेलो, पण दारातून तिने तीनदा बजावलं, खालची गाठ कुठे मारायची ते. त्या दिवसानंतर सोडण्याची भाषा घरात निघाली नाही. वकीलबाई हे नाव अजून आहे, आता ती त्याला ओ देते.

म्हणून तुला सांगतो, किती मुलांमध्ये मिसळतो हे मोजत बसू नकोस. आपला पोरगा आला नाही तर कुणाचं अडतं का, एवढं बघ. मग तो संघ असो, समूहगायन असो, नाटकाचा गट असो. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर स्काउटचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांच्या चार तुकड्या केल्या होत्या. बड्या घरची आणि कामगारांची मुलं त्यात मुद्दाम मिसळली होती. पाच जणांच्या तुकडीत एक गायब असला की लगेच कळतं, चाळिसांच्या वर्गात कळत नाही.

आता कामाचं. शाळेबाहेरच्या मुलाला संघात घेतात की नाही, हे जागोजागी वेगळं असतं. अमेरिकेत १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं, पण तिथे मुलांचे कितीतरी खेळ शाळांच्या संघांतच चालतात. शाळा सुटली की मैदानही सुटलं! फ्लोरिडाने १९९६ मध्ये कायदा करून घरी शिकणाऱ्यांना सरकारी शाळेच्या संघात जागा दिली. घरीच शिकलेला टिम टीबो त्याच वाटेने अमेरिकन फुटबॉल खेळला आणि पुढे २००७ मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याने जिंकली. इतर राज्यांतल्या तशा प्रस्तावांना लोक त्याच्याच नावाने ओळखतात. जर्मनीत सगळं उलटं. तिथे मुलं खेळतात ती मुख्यतः क्लबांत, शाळेचा संबंध नाही, पण घरी शिकवायलाच बंदी! एक कुटुंब युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये हरलं. मुलांनी वेगवेगळ्या लोकांत मिसळायला शिकणं हाही तिथे एक मुद्दा होता. मला तो निकाल पटत नाही. पण निळ्या टोपीवाल्याची आठवण झाली की मी फार जोरात बोलतही नाही.

तू तुझ्याकडे एवढं विचार: स्पर्धा शाळांची आहे की क्लबांची आणि संघटनेची? आणि गट इयत्तेवर ठरतो की जन्मतारखेवर? जन्मतारखेवर असेल तर दाखल्याची प्रत जवळ ठेव, शाळेचं ओळखपत्र नसलं की प्रत्येक टेबलावर तीच मागतात. गटाची तारीखही नीट बघ. तुझा मुलगा वर्षाच्या शेवटाचा ना? म्हणजे तो आपल्या गटात सगळ्यांत लहान पडणार, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक म्हणजे हातभर उंची वाटते. कॅनडाच्या आइस हॉकीत १९८०च्या दशकातच दिसलं होतं की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांतल्यांचा भरणा जास्त असतो. तेव्हा पहिल्या वर्षी त्याला बाकावर बसवलं तर लगेच ‘याला जमत नाही’ असा शिक्का मारू नकोस. आणि सरांशी भांडूही नकोस. मी भांडलो होतो. लेक आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

घरी शिकून मोठ्या झालेल्या म्हणून कुणी बुद्धिबळातल्या पोल्गार बहिणींचं किंवा टेनिसमधल्या विल्यम्स बहिणींचं उदाहरण देईल, तर मान हलव आणि विसरून जा. त्या घरांत बहिणीच एकमेकींना सोबत होत्या. आपल्याकडे एकेकटी पोरं आहेत, आणि ती साधी आहेत.

प्रॅक्टिस संपली की लगेच न्यायला जाऊ नकोस, हेही सांगायचं राहिलं. आम्ही आता मुद्दाम अर्धा तास उशिरा जातो. त्या अर्ध्या तासात काय होतं ते मला ठाऊक नाही, विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. गुडघे मळलेले असतात आणि बाटली दुसऱ्याच कुणाची तरी असते.

वहिनींना नमस्कार सांग. सुट्टीत या म्हणतोस, येऊ की. फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सोडून. लेकीला विचारून मगच लिहितोय.

तुझाच,
वकीलबाईचा बाबा