खंदकाकाठी एक फलक हवा

महोदय,

परवा नातवाला घेऊन बेळगावच्या किल्ल्यात गेलो. दुर्गादेवीच्या देवळापाशी खंदकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आजोबा, हे तळं कसलं?" वेढा म्हटलं की आमच्या पोरांना पन्हाळा आणि सिद्दी जौहरच आठवतो. 1660 साल तोंडपाठ, पण दारातल्या वेढ्यांचा पत्ता नाही!

1473 मध्ये बहमनी वजीर महमूद गावानाने हाच किल्ला वेढला. त्याची माणसं दिवसा खंदकात लाकडं-माती टाकत, आतले लोक रात्री ती उपसून काढत. शेवटी तटाखाली सुरुंग खणून, दारू ठासून भगदाड पाडलं. दख्खनमधला हा सुरुंगाचा अगदी सुरुवातीचा वापर. 1818 मध्ये पेशव्यांच्या शिबंदीने इंग्रज सेनानी मन्रोच्या तोफांपुढे सुमारे तीन आठवडे दम धरला आणि 10 एप्रिलला किल्ला सोडला.

मी हे सांगेपर्यंत नातू खंदकात तरंगणाऱ्या बाटल्या मोजत होता. अकरा भरल्या. तिथे एवढी हकिगत सांगणारा फलक लावावा. मराठीत लावा, कन्नडमध्ये लावा (भाषेवरून भांडायला पुढे वेळ आहेच), पण लावा.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव