त्यांचा विश्वास पाहून

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा तू म्हणालीस, "गीत सुरू झालं की घसा दाटतो, प्रार्थनेत एक शब्द सुचत नाही. मग रविवारी चर्चला जाऊन ढोंग कशाला करू?" हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून सावकाश लिहिते आहे.

पप्पांच्या अंत्यविधीला काहींनी तुला "रडू नकोस, ते प्रभूजवळ आहेत" म्हणून गप्प केलं. त्याचा सल तुझ्या मनात अजून आहे. ते प्रभूजवळ आहेत, हे मीही मानते, पूर्ण मनाने मानते. पण म्हणून रडायचं नाही, असं कुठे लिहिलंय? मेलेला लाजर पुन्हा उठणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तोही रडला. विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी फार शोक केला, असं बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं. आणि उठलेल्या येशूला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा यरुशलेमेत हयात होती! प्रेषित पौलानेही थेस्सलनीकाकरांना पत्रात शोक करू नका असं म्हटलं नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका एवढंच म्हटलं.

आणि ८८वं स्तोत्र काढून वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा येत नाही. तरी ते मुख्य गवयाकडे सोपवलेलं आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाण्यासाठी. तुझं न गाणं देवाच्या घराबाहेरचं आहे असं तुला वाटतं, मला तसं मुळीच वाटत नाही.

आता प्रार्थनेचं. कफर्णहूमात चौघांनी एका पक्षघाती माणसाला बाजेवर उचलून आणलं, दारात गर्दी होती म्हणून छप्पर उसकटून खाली सोडलं. मार्क लिहितो, येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला पापक्षमा दिली. तो माणूस स्वतः एक शब्दही बोलल्याचं लिहिलेलं नाही. पप्पा गेल्यानंतर मी कितीतरी दिवस त्या बाजेवरच होते. प्रभूची प्रार्थना सगळे म्हणायचे आणि मी नुसती ऐकायचे. त्यातलं "आमच्या" हे माझ्याही वतीने म्हटलं जातंय, एवढं मला पुरत होतं. त्याला मी ढोंग म्हणणार नाही. माझा विश्वास त्या दिवसांत दुसऱ्यांनी धरून ठेवला होता.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. पप्पा ऑर्गन वाजवायचे, गायनमंडळ त्यांनी घडवलेलं. ते गेल्यावर कुणालाच सूर लावता येईना. तेव्हा शेजारच्या मंडळीतली, म्हणजे दुसऱ्या चर्चची, माणसं आली. त्यांची उपासनेची रीत निराळी, बाप्तिस्म्याविषयीची शिकवण निराळी. त्यावरून पूर्वी किती वाद झालेत, तुला माहीत आहे. पण आमची माणसं सावरेपर्यंत गीतं त्यांनी चालवली. आमच्या वडीलजनांपैकी एकाला त्याचा संकोच वाटत होता, "आपण त्यांचे उपकार कसे फेडणार?" म्हणून.

मला तो संकोच पटत नाही. मंडळ्या पहिल्यापासून अशाच एकमेकींच्या आधाराने जगल्या आहेत. रोमी सम्राट क्लौद्याच्या काळातल्या दुष्काळासाठी अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातल्या बांधवांना मदत पाठवली. पुढे मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असताना यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी दिली. पौल करिंथकरांना समजावतो, की आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. यात कुणी कायमचा देणारा नाही आणि कुणी कायमचा घेणारा नाही. आणि हे पैशापुरतंच आहे, असं मला वाटत नाही.

इ.स. १७७ मध्ये गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, ल्यों आणि व्हिएन इथल्या ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. मारलेल्यांची शरीरं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली. वाचलेल्यांनी दूर आशिया आणि फ्रुगिया या प्रांतांतल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, मंडळ्यांना सविस्तर पत्र लिहिलं, ते युसेबियसने लिहिलेल्या मंडळीच्या इतिहासात टिकून आहे. आमच्या माणसांना मातीही देता आली नाही, याचं आम्हाला फार दुःख झालं, असं त्यात सरळ लिहिलंय. मला त्या पत्रात सगळ्यात जास्त हेच भिडतं. धैर्याच्या वर्णनात त्यांनी हे दुःख झाकलं नाही. समुद्रापलीकडच्या बांधवांना ते कळवावं असं त्यांना वाटलं, कारण ते त्यांचंही होतं.

तू मात्र दुःख एकटीच्या खोलीत ठेवलं आहेस. तुझ्या तिथल्या मंडळीत पप्पा गेल्याचं कुणाला माहीतच नाही, हे ऐकून मला पप्पांच्या आठवणीइतकंच रडू आलं. ती माणसं निष्ठुर नाहीत गं. त्यांना कळलेलंच नाही, तर ती तुझ्याबरोबर शोक कशी करतील?

येत्या रविवारी जा. गाऊ नकोस, उभीही राहू नकोस, हवं तर मागच्या बाकावर बस आणि आशीर्वाद झाला की निघून ये. प्रभुभोजन असेल आणि भाकर घ्यायला हात पुढे करवत नसेल तर पाळकांना तसं सांग, तेही चालतं.

आणखी एक विचारायचं आहे. किंख्रियाच्या मंडळीतली फिबी रोमला निघाली, तेव्हा पौलाने तिथल्या मंडळीला लिहिलं, की हिचा प्रभूमध्ये स्वीकार करा आणि हिला लागेल ती मदत करा. आपले पाळक तुझ्या तिथल्या पाळकांना असंच पत्र लिहायला तयार आहेत. तुझी परवानगी असल्याशिवाय ते लिहिणार नाहीत, मी त्यांना तसं सांगून ठेवलंय. हो किंवा नाही, काय ते कळव.

तुझी,
आई