तारा लावल्या तरी सई कबड्डी खेळणार आहे

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

सईच्या दातांना तारा बसवल्या आहेत, आणि तरीही मे महिन्यात ती तुमच्याकडे राहून पंचवटीतल्या मैदानावर कबड्डीच्या शिबिराला जाणार आहे. हे दोन्ही निर्णय आम्ही घेऊन टाकले आहेत. तुम्हाला आधी विचारले नाही ते मुद्दाम, कारण बाबा, येवल्याच्या त्या कबड्डी सामन्यात तुमचा दात पडल्यानंतर या बाबतीत तुमचे मत काय असेल हे आपल्या घरात कोणाला विचारावे लागत नाही. रात्री पेल्यात काढून ठेवलेला तुमचा तो नकली दात पाहिला की मी आईच्या कुशीत शिरत असे, आणि तुम्ही तो पुन्हा बसवून हसेपर्यंत तुमच्याकडे येत नसे.

खरे सांगायचे तर त्या दाताचा विचार करूनच तारांचे ठरले. सईचे वरचे दात पुढे आले होते आणि ओठ त्यांच्यावर नीट मिटत नव्हता. अशा दातांना मार लवकर लागतो, तो तिने कबड्डी खेळली तरी लागतो आणि जिन्यावरून पडली तरी लागतो. ते मागे घ्यायला दीड ते दोन वर्षे लागतील. तेवढा काळ खेळ बंद ठेवावा का, असे मी दंतवैद्यांना अगदी तुमच्याच सुरात विचारले, तेव्हा त्यांनी खेळ थांबवायला सांगितले नाही, माउथगार्डशिवाय, म्हणजे दातांवर घालायच्या मऊ कवचाशिवाय, मैदानात उतरायचे नाही एवढेच बजावले. आपल्या नाशिकची धावपटू कविता राऊत हिचे उदाहरण देऊन ‘त्यापेक्षा तिला पळू दे’ असे तुम्ही म्हणाल, आणि पळण्यात हा धोका कमी आहे हेही खरे आहे. पण पोरीला चढाईचेच वेड आहे आणि ते कोणाकडून आले हे मी लिहायला नको.

धोका नेमका कुठे आहे ते समजून घ्या, म्हणजे उगीच काळजी राहणार नाही. पकडीत कोणाचे डोके किंवा टाच तोंडावर बसली, तर ओठ आणि गाल आतून ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेल्या धातूच्या तुकड्यांवर, दाबले जाऊन फाटतात. शिवाय दात सरकत असताना त्याच्या एका बाजूचे हाड विरघळत असते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होत असते, त्यामुळे या काळात दात थोडे सैल असतात. माउथगार्ड तो मार पसरवते आणि ओठ व तार यांच्यामध्ये गादी ठेवते. सईचे माउथगार्ड सिलिकॉनचे आहे, त्यात ब्रॅकेटसाठी जागा ठेवलेली आहे आणि ते वरच्या व खालच्या दोन्ही दातांना झाकते. बाबा, खेळाच्या दुकानात गरम पाण्यात बुडवून चावायचे जे साधे गार्ड मिळते, ते तुम्ही हौसेने घेऊन याल हे मला माहीत आहे, पण कृपया आणू नका. ते तारांभोवती घट्ट बसते आणि काढताना ब्रॅकेट उखडू शकते. शिवाय दात सरकत राहतात, त्यामुळे आज बसलेले गार्ड पुढे बसत नाही.

दम कसा घुमवणार, हा तुमचा पहिला प्रश्न असेल. सुरुवातीला तिच्या तोंडून ‘कबड्डी’ ऐवजी काहीतरी भलतेच निघत होते आणि लाळही गळत होती. दम स्पष्ट ऐकू आला नाही तर पंच चढाई थांबवून परत पाठवतात, म्हणून ती घरात गार्ड घालून मोठ्याने वाचू लागली, आणि आता तिचा दम बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात ऐकू येतो. मात्र सरावात ती हळूच गार्ड काढून मुठीत धरते. तोंडावर आपटायला सामनाच असावा लागतो असे नाही, त्यामुळे सराव संपेपर्यंत ते तोंडातच राहील हे बाबांनी पाहायचे आहे. घरी आल्यावर ते गार पाण्याने धुऊन भोकांच्या डबीत ठेवावे. गरम पाणी आणि ऊन, दोन्हींनी त्याचा आकार बिघडतो.

आई, तुझे डबे भरायला लागले असतील. चिक्की, फुटाणे, कडक चकली आणि कणीस या वेळी राहू दे, आणि कैरी दिलीस तर बारीक चिरून दे. तिचे काही अडत नाही. खिचडी, दहीभात, थालीपीठ आणि वाटीभर आमरस मिळाला की ती खूष असते. मैदानावर फक्त पाणीच द्यायचे. उसाचा रस किंवा शीतपेय घोट-घोट पीत राहिले की ब्रॅकेटच्या कडेने दातांवर पांढरे डाग पडतात. पन्हे घरी जेवणाबरोबर दे आणि लगेच चूळ भरायला लाव.

आता पुढचे वाचून घाबरू नका, लिहून ठेवलेले बरे म्हणून लिहिते. तार टोचली तर पिशवीतल्या डबीतले मेण तिथे लावावे. दात हलला किंवा तारेला लोंबकळत राहिला, तर तार ओढू नये, स्वच्छ कापड दाबून धरावे आणि थेट दंतवैद्यांकडे जावे. तिचे दुधाचे दात आता उरलेले नाहीत, त्यामुळे पूर्ण निघालेला दातही पुन्हा बसवता येतो. तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, माती लागली असेल तर गार पाण्यात क्षणभर धरावा आणि थंड दुधात ठेवून अर्ध्या तासात दवाखाना गाठावा. बाबा, तुमचा दात काकांनी रुमालात गुंडाळून आणला होता आणि तो वाटेतच सुकला. त्या काळी गावात हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यांनी त्याबद्दल अजून मनाला लावून घेऊ नये. डोक्याला मार लागून तिला उलटी किंवा गुंगी आली, तर मात्र दात बाजूला ठेवून आधी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

सकाळी रिक्षा दारात येईल, पैसे दिलेले आहेत. बाबांनी रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय निघू नये आणि मैदानात सावलीत बसावे. आई, गुडघे सांभाळ, पापडांसाठी गच्चीवर जाऊ नकोस. आणि बाबा, अंगणात तिला घोट्याची पकड जरूर शिकवा, पण खुर्चीत बसून. ती गार्ड घातलेली असेल तरच.

तुमची,
मनू