फाळका, रॅम्प आणि आईची काळजी

याकिमा, वॉशिंग्टन राज्य
दि. 12 ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारत होतात की ते चार चाकांचं धूड, म्हणजे आमची बागेतली एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी), पिकअपच्या हौद्यात चढवता कसं, तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला आणि "तू त्याच्यावर बसून वर जातेस का?" एवढंच धरून बसली. तिची समजूत घालण्यातच वेळ गेला. तुम्हाला तर सगळं पहिल्यापासून ओळीने लागतं. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला "चढतं कसंतरी" म्हणून भागणार नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आधी आईसाठी: नाही, मी बसून चढवत नाही. आमच्या एटीव्हीला पुढे विंच आहे, ती दोर गुंडाळते आणि मशीन स्वतःच वर येतं. मी बाजूला उभी असते. हे तिला वाचून दाखवा, बाकीचं पत्र तिने ऐकलं नाही तरी चालेल.

आता तुमचं. आमच्या सफरचंदाच्या बागा एका जागी नाहीत. मधे डांबरी रस्ते आहेत, आणि एटीव्ही हे डांबरी रस्त्यासाठी केलेलं वाहनच नाही. टायर फुगीर, हवा अगदी कमी, वळताना रस्त्यावर विचित्र वागतं. म्हणून एका बागेतून दुसऱ्या बागेत न्यायचं तर पिकअपमध्ये घालून. मशीन पेट्रोलसकट तीनशे किलोच्या वर, लांबी सातएक फूट, रुंदी जेमतेम चार फूट. हौद्यात दोन्ही बाजूंना चाकांवरचे जे उंचवटे असतात त्यांच्यामधून ते बसतं, पण फार जागा उरत नाही. आमच्या पिकअपचा हौदा साडेसहा फुटी आहे. मशीनचा पुढचा बंपर केबिनच्या भिंतीला टेकला की मागचा ॲक्सल साधारण साडेपाच फुटांवर येतो, म्हणजे मागची चाकं हौद्यातच राहतात. हल्ली पुष्कळ पिकअपना साडेपाच फुटीच हौदा येतो. त्यात तोच ॲक्सल नेमका फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या पाडायच्या दाराच्या, बिजागरीवर येणार. अशा गाडीत मोठं मशीन न्यायचंच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

फाळका पाडला की त्याची कड जमिनीपासून तीन फूट, फोर-बाय-फोर गाडीत थोडी जास्तच. म्हणजे सहा फुटी फळी लावली तर चढ बरोबर तीस अंशांचा. आठ फुटी लावली तर बावीस, दहा फुटी लावली तर सतरा-अठरा. तीस आणि बावीस यांत कागदावर काही वाटत नाही, पण तीस अंशांच्या चढावर मशीनचं तोंड आभाळाकडे असतं, मागची चाकं रेस मागतात आणि जरा जास्त रेस दिली की पुढची चाकं उचलायला बघतात. आमच्याकडे आठ फुटी ॲल्युमिनियमचे दुमडते रॅम्प आहेत, मधे किंचित कमानदार. कमान शोभेची नाही. सरळ रॅम्प जिथे फाळक्याला मिळतो तिथे एक कोपरा तयार होतो, आणि पुढची चाकं वर, मागची खाली असताना मशीनचं पोट त्या कोपऱ्यावर टेकतं. कमानीमुळे तो कोपरा बोथट होतो.

शिवाय जमिनीचा उपयोग करून घेता येतो, आणि हे तुम्हाला आवडेल. बागेच्या कडेला पाण्याच्या चाऱ्या आहेत, त्यांचे काठ उंच. पिकअप उलटी घेत मागची चाकं जरा सखल जागी आणायची आणि रॅम्पची खालची टोकं समोरच्या काठावर टेकवायची. तीन फुटांची उंची दीड-दोन फुटांवर येते आणि मशीन जवळजवळ सपाटीवरून आत जातं. फक्त गाडी आडवी कलती नको. एक चाक खड्ड्यात आणि एक वर असेल तर दोन रॅम्प दोन वेगळ्या उंचीला लागतात, आणि मग मशीन एका कुशीवर जायला बघतं.

आता खरा मुद्दा. व्हिडिओंमध्ये माणसं पडताना दिसतात त्यातली बरीचशी चढावर पडत नाहीत, रॅम्प मागे सटकल्यामुळे पडतात. तुम्ही क्षणात ओळखाल. मशीन वर जायचं तर चाकाला कशाला तरी मागे ढकलावंच लागतं. जमिनीवर ते जमिनीला ढकलतं आणि जमीन काही हलत नाही. रॅम्पवर ते रॅम्पला ढकलतं, आणि रॅम्प म्हणजे फाळक्याच्या कडेवर नुसती ओठभर टेकलेली, दहा-बारा किलोची ॲल्युमिनियमची पट्टी. पुढची चाकं रॅम्पवर असेपर्यंत निम्मं वजन तिला वरच्या टोकाला दाबून धरतं. पण पुढची चाकं फाळक्यावर गेली की ते वजन रॅम्पवरून गेलं. आता रॅम्पवर फक्त मागची चाकं, आणि सगळा जोर त्यांचाच. माणसाला वाटतं, झालंच आता, आणि तो अंगठ्याने रेस दाबतो. त्याच क्षणी ओठ सुटतो, रॅम्प मागे उडतो, मशीनची मागची बाजू धाडकन खाली येते, तोंड वर होतं आणि तीनशे किलो त्याच्या छातीवर. वेग किती? चालण्याचासुद्धा नसतो.

यावर उपाय साधा आहे: रॅम्प गाडीला बांधायचा. प्रत्येक रॅम्पच्या वरच्या टोकाजवळ पट्ट्यासाठी भोक असतं. तिथून पट्टा घेऊन गाडीच्या खाली, चासीला बसवलेल्या हिचला (ट्रेलर जोडायच्या आकड्याला) अडकवायचा आणि ताणायचा. बंपरच्या प्लॅस्टिकला नाही, नंबरप्लेटच्या पत्र्याला नाही. पट्ट्याचा ओढा केबिनच्या दिशेने हवा, नुसता खाली ओढणारा पट्टा सटकणं थांबवत नाही. बांधून झालं की मी रॅम्पचं खालचं टोक धरून जोर लावून मागे खेचते. हलला तर परत बांधायचा. आमच्या फोरमनचा नियम आहे की रॅम्पला पट्टा नसेल तर मशीनची किल्लीसुद्धा फिरवायची नाही. बाकी बाबतीत माणूस ढिला आहे, यात नाही.

दोन्ही रॅम्पमधलं अंतर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवायचं. डोळ्यांनी अंदाज करू नये, कारण वर चढताना पुढचं चाक हँडलमागे दिसत नाही. रॅम्पवर क्षमता छापलेली असते, ती बहुतेक जोडीची असते, एकाची नव्हे. मशीन, त्यावरची फवारणीची टाकी, आणि बसूनच चढवणार असाल तर माणूस, सगळं त्यात धरायचं. टाकीत पाणी असेल तर आधी रिकामी करायची. पाणी डुचमळतं, आणि तेही नेमकं चढावर. इथे सकाळी दव पडतं आणि ओलं ॲल्युमिनियम टायरच्या चिखलाखाली साबणासारखं होतं, म्हणून आधी टायर झाडून पुसायचे. लाकडी फळ्या काही जण अजून वापरतात. गाठ असलेल्या जागी फळी कधी फुटेल याचा नेम नाही, मी त्या वाटेला जात नाही.

गाडीकडे येते. हँडब्रेक, गिअर पार्कमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. वजन फाळक्याच्या कडेवर आलं की मागचे पाटे दबतात, फाळका बोट-दोन बोटं खाली जातो आणि रॅम्पची खालची टोकं थोडी मागे सरकतात. म्हणून ती टोकं दगडाला वा बांधाला अडकलेली नसावीत, सरकायला जागा हवी. फाळका स्वतः दोन बाजूंच्या दोन तारांवर लटकलेला असतो. त्या तारा गंजलेल्या, धागे तुटलेल्या असतील तर फाळका काढून ठेवून रॅम्प सरळ हौद्याच्या कडेला लावलेला बरा. उंची तीच राहते, पण वजन लटकत्या पत्र्यावर न येता चासीवर येतं. हे तुम्हीच मला शिकवलं असतंत.

विंचचं गणित सोपं आहे. आठ फुटी रॅम्पवर तीनशे किलो ओढायला तीन भागिले आठ, म्हणजे एकशेबारा-पंधरा किलोचा ओढा, वर थोडं घर्षण. एटीव्हीच्या विंचची ताकद साधारण हजार-अकराशे किलो असते, तिला हे काम काहीच नाही. दोर हौद्याच्या पुढच्या भिंतीजवळ चासीला बसवलेल्या हुकाला लावायचा. कडेची जी छोटी कडी असतात ती सामान बांधायची, मशीन ओढायची नव्हेत. मशीन न्यूट्रलमध्ये, हँडल सरळ, इंजिन नुसतं चालू म्हणजे बॅटरी उतरत नाही. रिमोट हातात घेऊन मी बाजूला, रॅम्पपासून लांब. मागे कुणी उभं राहायचं नाही, फाळक्यावर तर मुळीच नाही. जरा ओढायचं, थांबायचं, चाकं रॅम्पच्या मधोमध आहेत का बघायचं, परत ओढायचं. आणि यात मला आवडणारी गोष्ट अशी की चाकं रॅम्पला ढकलतच नाहीत. ओढणारी विंच मशीनवर आणि हुक गाडीवर, त्यामुळे रॅम्पला मागे ढकलायला कुणी उरतच नाही. तरी पट्टा बांधतेच.

विंच नसणारे बसून चढवतात, ते कसं करतात तेही सांगते. हेल्मेट, लो गिअर, फोर-व्हील लावलेलं, अंग पुढे झुकवलेलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी बेताची रेस. मधे थांबायचं नाही. मागची चाकं हौद्यात आली की रेस सोडायची, नाहीतर केबिनची मागची काच समोरच असते. धावत येऊन उडी मारल्यासारखं चढवणारे पठ्ठे मोबाइलवर बघायला मजा येते. तो मूर्खपणा आहे.

उतरवणं चढवण्याइतकंच अवघड आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. उलटं खाली येताना वजन मागच्या, म्हणजे खालच्या चाकांवर असतं. तेव्हा घाबरून मागचा ब्रेक एकदम दाबला तर पुढचं तोंड उचलतं आणि मशीन बसणाऱ्यावर उलटतं. म्हणून पुढचा ब्रेक हळूहळू, अंग वरच्या बाजूला, म्हणजे केबिनकडे झुकवून. मी उतरवतानाही विंचच वापरते: दोर ताणलेला ठेवायचा आणि सोडत सोडत खाली आणायचं. आणि उतरवण्याआधी रॅम्पचे पट्टे परत लावायचे. इथे बरेच जण चुकतात, कारण घाई असते, काम समोर असतं.

वर गेल्यावर बांधणं. चार कोपऱ्यांना चार रॅचेटचे (खटक्याने ताणायचे) पट्टे, मशीनच्या चासीला, सामानाच्या जाळीला नव्हे. सस्पेन्शन थोडं दबेल इतके ताणायचे, म्हणजे खड्ड्यात मशीन उसळून पट्टा ढिला पडत नाही. फार दाबलं तरी वाईट. पट्ट्यावर दोन आकडे असतात, तुटायचा (किती भाराला पट्टा तुटेल) आणि चालवायचा (किती भारापर्यंत वापरायचा). चालवायचा आकडा तुटायच्या एक तृतीयांश असतो, आणि हिशेब त्याचाच धरायचा. इथे मालवाहू गाड्यांना केंद्र सरकारचा नियम आहे की जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढे आला तरी बांधणी टिकली पाहिजे, मागे आणि आडवा 0.5 पट. तीनशे किलोला पुढे दोनशेचाळीस किलो झाले. आमच्या छोट्या गाडीला तो नियम कुणी लावत नाही, मी मात्र तोच आकडा डोक्यात ठेवून बांधते. मशीनचा हँडब्रेक लावून, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करून निघायचं, आणि दोन-तीन मैलांवर थांबून एकदा पट्टे हाताने दाबून बघायचे. पहिल्या काही मैलांत ते हमखास ढिले होतात.

बंटीला सांगा, पुढच्या वर्षी इकडे आला तरी या मशीनवर बसायला मिळणार नाही. मडगार्डवरच लिहिलंय, सोळा वर्षांखालच्यांनी चालवायचं नाही आणि मागे कुणाला बसवायचं नाही. मी नाही म्हणाले असं नको, मडगार्डकडे बोट दाखवा.

गुडघ्याची गोळी नियमित घ्या. दादाला म्हणावं, डॉक्टरचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठव. आईस सा. न., लहानांस आशीर्वाद.

तुमची,
शुभा

ता. क. रॅम्प बांधल्याचा फोटो वेगळा पाठवते. पट्ट्याच्या कोनात काही खटकलं तर सांगा, फोरमनला दाखवीन.