मशीनचं सेटिंग शिकवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सा. न. तुमच्या निरोप समारंभात मालक बोलले, मेस्त्री बोलले. आम्ही चेकिंगच्या, म्हणजे तयार पीस मोजून बघणाऱ्या बायका चहा वाटत होतो. म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहिते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत बायका कमी नाहीत, पण त्या पॅकिंगला नाहीतर चेकिंगला. सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणारा, झाल्याशिवाय पगार हलत नाही, आणि सेटिंग बायकांना शिकवू नका असं कुणीच म्हणायचं नाही. म्हणायची गरजच नव्हती! उत्पादन अडू नये म्हणून जॉब बदलायचा, म्हणजे मशीनवर दुसरा पार्ट लावायचा, तो रात्रपाळीत, आणि 1948 च्या कारखाने कायद्यानं बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला मनाई होती. 2019 मध्ये कर्नाटकानं अटी घालून रात्रपाळी खुली केली. त्यात ने-आण करायची गाडी मालकानं द्यायची होती, मग आमच्याकडं ‘गाडी परवडत नाही’ हे उत्तर आलं. 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली खरी, पण मध्यरात्री येळ्ळूरला कुठली बस?

तुम्ही एकच केलंत. एका मशीनचा जॉब बदल पहिल्या पाळीत आणलात आणि मला मोजायचं गेज खाली ठेवायला लावून सेटिंगला उभं केलंत. सॉफ्ट जॉ बोअर करणं (पार्ट धरणारे जबडे त्याच्या मापात कातणं), टूल टच करणं (टूलचं टोक कुठं आहे ते मशीनला दाखवणं), ऑफसेट भरणं (मापातला फरक मशीनमध्ये टाकणं). बोअर, म्हणजे पार्टचं भोक, 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) लहान आला तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही म्हणालात, “माझ्या तोंडावर काय लिवलंय? एक्समध्ये प्लस दे.” म्हणजे व्यासाचं माप वाढव. पहिला पीस पास झाला तेव्हा शाबासकी नाही, ‘पुढचा लाव’ एवढंच. पोरांनाही तुम्ही असंच शिकवायचात, त्याचं मला फार बरं वाटलं. कौतुकाच्या नावाखाली बायकांना लांब ठेवणारे खूप बघितलेत.

उत्पादनाचे आकडे कमी पडले म्हणून तुम्हाला वरून ऐकून घ्यावं लागलं, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, स्टोअरवाल्यानं सांगितलं.

आता सेटिंग मी करते, पगारपत्रकावर मात्र अजून ‘चेकर’च. समान वेतन कायदा 1976 मध्येच आला होता, आणि बढती-प्रशिक्षणात बाईला डावलायचं नाही हे त्यात 1987 च्या दुरुस्तीनं आलं होतं, तरी ऑफिसात ‘बघू’ चाललंय. अर्ज लिहिलाय. सेटिंग कधीपासून करते याला तुमची सही लागेल. रविवारी अनगोळला येते. मामींना सांगा, जेवायला थांबणार नाही.

तुमची,
दोन नंबर मशीनवाली